टब घे, साड्या दे

रेणूच्या तोंडात काहीतरी होतं.

सात महिन्यांचं लेकरू. खालचे दोन दात नुकतेच टोचायला लागलेले, त्यामुळं हाताला येईल ते तोंडात. मी तिला मांडीवर आडवं घेतलं, गाल दाबून तोंड उघडलं आणि बोट फिरवलं. जिभेखालून एक गुलाबी तुकडा निघाला. नखाएवढा, कडेला धार असलेला. रेणू रडलीसुद्धा नाही. माझं बोट चावलं आणि हसली. रडले ते मी.

तुकडा न्हाणीतल्या साबणाच्या डबीचा होता. ऊन-पाणी खाऊन ती डबी इतकी कडक झाली होती की हातात घेतली तर बिस्किटासारखी मोडली. ही डबी आमच्या घरात कुणी विकत आणली? कुणीच नाही. वाणात आली होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत उदगीरच्या आमच्या गल्लीत रोज कुणाकडं तरी हळदीकुंकू असतं आणि प्रत्येक घरातून हातात काहीतरी पडतं. गाळणी, डबी, चाळणी, न्हाणीतला मग. सगळं प्लास्टिकचं, कारण ते डझनावर मिळतं आणि हातात घेतल्यावर मोठं दिसतं.

त्याच दुपारी रेणूला झोळीत झोपवलं आणि मी माळ्यावर चढले.

सोळा मग निघाले! घरात माणसं चार आणि एक रांगणारं. सोळा मग, साबणाच्या नऊ डब्या, जाळी गेलेल्या गाळण्या, एकमेकांत अडकून बसलेल्या टोपल्या, आणि झाकणं तर इतकी, की त्यांचे डबे कुठल्या गावाला गेले देव जाणे. एकेक खाली टाकत गेले. अंगण भरलं.

"मोंढ्यात दुकान टाकायलीस का काय?" तुळजाबाई दारात उभ्या. माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

"आत्याबाई, यंदा आपल्या घरचं वाण प्लास्टिकचं नको."

"मग काय, सोनं वाटतीस?"

मी तो गुलाबी तुकडा तळहातावर ठेवून दाखवला. त्यांनी तो बघितला, झोळीतल्या रेणूकडं बघितलं. पण त्या तुळजाबाई आहेत. हार मानणं त्यांना जमत नाही.

"यंदा पोरीचं बोरन्हाण हाय. आख्खी गल्ली येणार. पार्वतम्मा येणार."

पार्वतम्मा समोरच्या घरात राहतात. माहेर भालकीचं, बोलण्यात अर्धी कानडी. कुणाचं वाण भारी आणि कुणाचं हलकं हे आमच्या गल्लीत त्या ठरवतात. गेल्या साली त्यांनी पुनमच्या घरची गाळणी उन्हाला धरली आणि विचारलं, "ह्याच्यातनं चहा गाळायचा का हुरडा?" पुनम अजून त्यांच्या दारावरून जाताना पाय उचलून चालते.

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. "यंदाचं वाण तुझ्या हाती. पण पार्वतम्मानं जर नाक मुरडलं, तर फुडच्या सालापासनं वाण मी आणीन. डब्या आणीन न्हाईतर टोपल्या आणीन. तू शबूद काढायचा न्हाई. जल्मभर."

"आणि नाही मुरडलं तर?"

"तर जल्मभर तू आण."

एवढं बोलून दुसऱ्या दिवशी त्या लातूरला गेल्या. बहिणीच्या सुनेचं बाळंतपण होतं. दहा दिवस घरात मी, रेणू, मामा म्हणजे माझे सासरे, आणि दाळमिलमधून अंधार पडल्यावर येणारा माझा नवरा हरिओम. आणि माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरणारं वाण!

कापडी पिशव्या द्यायच्या हे मी माळ्यावरून उतरतानाच ठरवलं होतं. आमच्याकडं बाजाराला जाताना कुणी पिशवी नेत नाही. कोथिंबिरीला एक प्लास्टिकची पन्नी, मिरच्यांना एक पन्नी, चार लिंबांना आणखी एक. गल्लीच्या तोंडाशी गटार तुंबलं की बांबू घालून ओढावं, तर पन्न्यांचा लांबच लांब दोरच बाहेर येतो.

शेजारच्या चांदबी भाभी ओसरीवर मशीन टाकून ब्लाऊज शिवतात. मी रेणूला कडेवर घेऊन गेले, तो डबीचा तुकडा दाखवला.

"भाभी, पस्तीस पिशव्या शिवायच्यात. संक्रांतीच्या आत."

"शिवती की. कपडा?"

कापड बाजारातून आणलं होतं. स्वस्त, छान फुलाफुलांचं. चांदबी भाभींनी त्याचा एक दोरा ओढला आणि काडी पेटवून धरला. दोरा जळला नाही. आक्रसला, वितळला, आणि टोकाला काळा मणी होऊन बसला.

"देख," त्या म्हणाल्या. "ये भी वहीच है. साबण की डब्बी का भाई."

मी त्या मण्याकडं बघत राहिले. पस्तीस पिशव्यांचं सुती कापड दुकानातून आणणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. रेणू मशीनचं चाक धरायला झेपावत होती, मी तिला ओढत होते, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हाक आली.

"जुन्या साड्यांवर टऽऽब! बादलीऽऽ! घमेलंऽऽ!"

भीमाबाई. आठवड्यातून एकदा येते. डोक्यावरच्या पाटीत टब-बादल्यांचा मनोरा आणि पाठीला जुन्या साड्यांचं गाठोडं. चांदबी भाभींनी गाठोड्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी गाठोड्याकडं बघतच होते. मी अशी ओसरीच्या कडेला धावले की कडेवरची रेणू दचकून माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

"भीमाबाई!" मी ओरडलेच. "उलटं करतीस का?"

"उलटं म्हंजी?"

"टब घे, साड्या दे!"

भीमाबाईनं पाटी उतरवली. कंबर सरळ केली. मला खालून वर न्याहाळलं, ऊन लागलंय का काय म्हणून.

"अक्का, ह्या धंद्यात माझी सासू होती. तिची सासू होती, तवा पितळंच्या भांड्यावर जरीची साडी घ्यायची. पर असं कुणी इचारलं न्हाई बगा."

"मग मी इचारायले. ये अंगणात."

माळ्यावरचा ढीग बघून तिचे डोळे मोठे झाले. मग ती मांडी घालून बसली आणि कामाला लागली. एकेक मग उचलायचा, बोटाच्या पेरानं टकटक वाजवायचा, कडा पिळून बघायची, उन्हाला धरायचा. आणि निकाल द्यायचा.

"हे जित्तं हाय. हे मेलं. हे जित्तं. हे मेलं. हे तर दोन सालामागंच मेलंय, तुमी पुरलं न्हाई."

जिवंत एका बाजूला, मेलेलं दुसऱ्या बाजूला. मेलेलं पोत्यात भरून भंगारवाल्याकडं जाणार होतं. जिवंत ती नेणार, म्हणजे तेवढे तरी नवे मग तिला आणावे लागणार नव्हते.

"सहा मगाला एक साडी," ती म्हणाली.

"चार मगाला एक. आणि नायलॉन चालणार नाही. सुतीच."

"सुतीच? त्या गोधडीसाठी दोन-तीन सालं साठवलेल्या हायेत, अक्का. माझं पोट हाय का न्हाई?"

"ह्या टोपल्या पण घे, दोन टोपल्यांना एक साडी. आणि चहा पिऊन जा."

चहा मध्येच झाला. चांदबी भाभी गाठोड्यातून साडी काढायच्या, दोरा ओढायच्या, काडी लावायच्या. राख झाली तर आमची, मणी झाला तर भीमाबाईची. आठ साड्या राखेच्या निघाल्या!

आठवी बाहेर आली तेव्हा माझा हात थबकला. पोपटी नारायणपेठी, लाल काठ. पदराच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्यानं घातलेला बारीक टाका. माझ्या आईचा टाका. कंधारहून आईनं लग्नात विहिणीच्या मानाची म्हणून आत्याबाईंना दिलेली साडी.

"ही कुणी दिली, भीमाबाई?"

"अक्का, मी साड्या बगती. तोंडं न्हाई बगत."

न्हाणीत एक लाल बादली होती. माझ्या लग्नानंतर दोनेक महिन्यांनी आलेली. तिची कडी तुटून वर्ष झालं होतं. मी साडी घडी करून ढिगाच्या तळाशी ठेवली. त्या एका साडीनं माझी मतीच गुंग केली असणार, नाहीतर पुढचं साधं गणित मला तिथंच कळायला हवं होतं. भीमाबाई काही हैदराबादला जात नाही. ती आमच्याच तीन गल्ल्यांत फिरते.

पण ते तेव्हा नाही सुचलं. तेव्हा फक्त घाई सुचत होती.

साड्या रात्रभर रिठ्याच्या पाण्यात भिजवल्या, सकाळी घराच्या धाब्यावर वाळत घातल्या. आठ रंगांचे आठ पडदे वाऱ्यावर फडफडत होते आणि रेणू त्यांच्या सावल्या पकडायला टाळ्या वाजवत होती. मग कापणं. फाटलेलं बाजूला, धड तेवढं घ्यायचं, दुहेरी करायचं, बंदाला काठ लावायचा. मशीन खडखडत राहायचं, मी रेणूला पाजता पाजता एका हातानं दोरे तोडायची. ती झोपली की साड्यांच्या ढिगावरच टाकायची. सुती कापडावर किती गाढ झोपतं लेकरू!

एक इरकली होती, गडद निळी, लाल पदराची. प्रत्येक घडीवर विरलेली. जपून कापली तरी तिच्यातून पाचच पिशव्या निघाल्या, आणि त्यातल्या एकीवर जळाल्याचं भोक. चांदबी भाभींनी त्या भोकावर पिवळ्या रेशमाचं फूल भरलं. शेवंतीचं. इतकं सुंदर, की बाकीच्या पिशव्या बिचाऱ्या वाटायला लागल्या.

फूल भरता भरता त्यांनी विचारलं, "ऋतुजा, तुमच्यात वाणाला पहना हुआ कपडा चलता क्या?"

"धुतलंय की, भाभी. इस्त्री करणार आहे."

"मेरेकु क्या मालूम, बाई. मैं तो पूछी बस."

पुन्हा एकदा, साधी गोष्ट माझ्या कानावरून गेली.

इस्त्री हरिओमनं केली. पस्तीस पिशव्या! शेवटची घडी घालून म्हणाला, "हे वाण पुरुषांना देत न्हाईत का? मला डबा न्यायला पायजे एक."

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी आमचं हळदीकुंकू. आत्याबाई आदल्या संध्याकाळी लातूरहून आल्या. हातात सुतळीनं बांधलेलं एक खोकं. आल्या आल्या त्यांनी ते पलंगाखाली सरकवलं.

"काय आहे त्यात, आत्याबाई?"

"असू दे. येळंला."

त्या हातपाय धुवायला गेल्या तशी मी खोकं ओढलं आणि फटीतून बघितलं. साबणाच्या डब्या. लातूरच्या गोलाई बाजारातून आणलेल्या. गुलाबी.

त्या परत आल्या तेव्हा मी पिशव्यांचा गठ्ठा पुढं ठेवला. त्यांनी एक घेतली, अंगठ्यानं कापड चोळलं. "मऊ हाय. कुठून घेतलंस?"

"चांदबी भाभींनी मिळवून दिलं," मी म्हणाले. पोपटी साडीची मी एकच पिशवी शिवून घेतली होती; ती आणि उरलेलं कापड आधीच माझ्या कपाटात ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजल्यापासून घर भरायला लागलं. काळ्या साड्या, गजरे, अत्तरदाणीचा वास. रेणूला काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट. मुकुट तिनं ताबडतोब चाखला. पाटावर बसवून आत्याबाईंनी पहिलं माप तिच्या डोक्यावरून ओतलं. बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाची पेरं! रेणू एक क्षण गांगरली आणि मग अशी खिदळली, अशी खिदळली, की गल्लीतली पोरं बोरं गोळा करायची विसरून तिच्याकडंच बघत राहिली. माझे डोळे भरले. आत्याबाईंचेही. आम्ही दोघींनी एकमेकींना न दाखवता पुसले.

मग हळदीकुंकू. मग वाण.

वयाचा मान म्हणून पहिली पिशवी पार्वतम्मांना. हाताला आली ती दिली. निळी, शेवंतीच्या फुलाची. मग त्यांची सून महामाया, मग पुनम, मग एकामागं एक. बायका पिशव्या उघडून बघत होत्या, खांद्याला अडकवून बघत होत्या. "बंद चांगला हाय गं." "दोन किलो वांगी सहज बसतील." जमलं, जमलं, जमलं!

पार्वतम्मांनी पिशवी फिरवली. त्यांचं बोट पिवळ्या फुलावर थांबलं. त्यांनी पिशवी उलटी केली, आतून फुलाच्या मागं बघितलं. तिथं जळालेल्या भोकाची तपकिरी कड अजून होती.

"ही साडी कुठली?"

सगळ्या माना वळल्या. त्यांचा आवाजच तसा असतो.

"भीमाबाईकडून घेतली," मी म्हणाले.

"कंची भीमा? टबवाली?"

"हाव."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी जुनी साडी? वाणात जुनेर देतेत का?" आणि पुनम, जी एवढा वेळ आपल्या पिशवीच्या काठावरून हात फिरवत होती, किंचाळलीच. "अगं बाई! ही तर माझी बारशातली! मी घमेल्यावर दिलती!"

तेव्हा कळलं. चांदबी भाभींनी विचारलेलं कळलं, भीमाबाईच्या तीन गल्ल्या कळल्या. सवाष्णींना हळदीकुंकू लावून मी त्यांच्याच अंगावरून उतरलेले कपडे त्यांच्या हातात दिले होते! मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या रागावल्या नाहीत. त्याहून वाईट झालं. त्या शांतपणे उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. पलंगाखालून खोकं ओढल्याचा आवाज आला.

"ही माझ्या अव्वाची साडी हाय," पार्वतम्मा म्हणाल्या.

अव्वा म्हणजे त्यांची आई. भालकीला असायची, वारून चार वर्षं झाली.

"चुलीम्होरं बसून भाकऱ्या करताना निखारा उडाला, त्याचं हे भोक. मी दोन साल शोधायलेय ही साडी. सगळं घर उलटं केलं." आणि मग त्या सावकाश सुनेकडं वळल्या. "महामाये. उंदरानं खाल्ली म्हणलीस ना तू?"

महामायाची साडी काळी होती, तोंड पांढरं झालं. "त्यो... त्यो उंदीर..."

"उंदीर टब घेऊन आलता का?"

आतल्या खोलीतून हसू फुटलं. आत्याबाई! पलंगाखाली अर्ध्या वाकलेल्या असणार, आणि तिथूनच त्यांना आवरेना. त्या हसल्या आणि सगळं घर हसलं. पुनम तर भिंतीला टेकून खाली बसली.

"न्हाणीतला निळा टब. त्योच का गं?" पार्वतम्मांनी विचारलं.

"त्यो फुटला कवाच," महामाया पुटपुटली. पुन्हा हसण्याचा लोट.

पण पार्वतम्मा हसत नव्हत्या. पिशवी त्यांनी मांडीवर पसरली होती. "अन् तुमी अव्वाच्या साडीचे तुकडे केलेव."

हसू जिथल्या तिथं थांबलं. चांदबी भाभी दाराशी उभ्या होत्या, तिळगूळ घ्यायला आल्या होत्या. त्याच पुढं आल्या.

"अम्मा, घडीवर पुरी विरली होती. नेसायला घेतली असती तर हातातच आली असती. जेवढी धड होती, तेवढी मी वाचवली. पाच पिशव्या निघाल्या."

"किती?"

"पाच."

पार्वतम्मांनी मान वर केली. खोलीभर नजर फिरवली. निळी पिशवी महामायाच्या हातात होती. पुनमच्या शेजारी बसलेल्या रेखाच्या हातात होती. दाराजवळच्या दोघी जावांच्या हातात एकेक. आणि पाचवी त्यांच्या स्वतःच्या मांडीवर.

"अव्वाच्या नावानं पाच सवाष्णींची वटी भरीन म्हणून बोलले होते मी," त्या हळू म्हणाल्या. "गुडघे उठू देईनात. चार साल झाले."

त्या उठल्या. कुणीतरी हात द्यायला गेलं तर झिडकारला. रेणूच्या पाटाभोवती अजून बोरं, घाटे, उसाची पेरं पसरलेली होती. त्यांनी ओंजळ भरली आणि पहिली ओंजळ महामायाच्या पिशवीत टाकली. महामाया रडायला लागली. "रडू नको. उंदीर कुठली," त्या म्हणाल्या आणि दुसरी ओंजळ भरली. रेखाच्या पिशवीत. मग दोघी जावांच्या. पाचवी पिशवी त्यांनी स्वतःच्या हातात धरली, क्षणभर त्या फुलावरून अंगठा फिरवला, बोरं घातली, आणि ती चांदबी भाभींच्या हातात दिली.

"अम्मा, ये तुम्हारी आई की..."

"तुजा नवरा वाजिद धडधाकट हाय ना? मग तू सवाष्णच की. घे. भोक तू बुजवलंस."

"अन् तुमाला?"

"मला काय करायचंय? गल्लीतच हाय ती. रोज बाजाराला जाताना दिसंल."

चांदबी भाभींनी पदर सावरून पिशवी घेतली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना ते आवडलं नाही, म्हणून त्या माझ्यावरच ओरडल्या, "देखती क्या, तिळगूळ दे सबकु!"

आणि मग जे झालं! प्रत्येक बाई आपल्या पिशवीचा काठ उजेडाला धरायला लागली. "ही मैनाबाईची हाय का बघा गं." "ए, माझी साडी तुझ्याकडं हाय, आण इकडं!" "वाण परत देतेत होय? जा!" "मी तर ही नणंदंला दिली म्हणून सांगितलेलं घरी, आता हळू बोल." पुनमच्या बारशाच्या साडीच्या पिशव्या सहा जणींकडं निघाल्या, आणि ती प्रत्येकीला सांगत सुटली की बारशाला किती माणूस जेवलं होतं. रेणू मधोमध पाटावर, मुकुट खाऊन संपलेला, तोंडाला साखर.

आत्याबाई आतल्या खोलीच्या दारात आल्या. हातात खोकं, वरची सुतळी सोडलेली.

"तुळजे, ते काय गं?" पार्वतम्मांनी विचारलं.

आत्याबाईंनी खोक्याकडं असं बघितलं की जणू ते कुणी दुसऱ्यानंच त्यांच्या हातात ठेवलंय.

"काय न्हाई. रिकामं खोकं," त्या म्हणाल्या, आणि ते पायानं मागं सरकवलं.

"सून चांगली मिळवलीस," पार्वतम्मा म्हणाल्या. आणि मग, कारण त्या पार्वतम्मा आहेत, "बंद जरा आखूड हायेत. फुडच्या येळी लांब ठेवा."

पुढच्या येळी! मी आणि चांदबी भाभींनी एकमेकींकडं बघितलं आणि मला ओरडावंसं वाटलं.

सगळ्या गेल्यावर घरात बोरांचा वास आणि चुरमुऱ्यांचा सडा उरला. आत्याबाई रेणूच्या केसांतून घाटे वेचत होत्या. मी कपाटातून पिशवी काढली.

"आत्याबाई, तुमचं वाण राहिलं."

त्यांनी घेतली. पोपटी, लाल काठाची. कोपऱ्यावर आईचा निळा टाका मी मुद्दाम तसाच ठेवला होता. त्यांचा अंगठा त्या टाक्यावर थांबला. घाटा त्यांच्या बोटात तसाच होता.

"तुज्या आईला..."

"नाही सांगणार."

"बादली चांगली निघाली न्हाई गं," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. मग त्यांनाही. रेणूनं आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि तीही हसली.

"फुडच्या सालाचं तू बघ," त्या पिशवीची घडी घालत म्हणाल्या. "मी मधी पडत न्हाई. बोलले ते बोलले."

चार दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी हाक आली. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत आत्याबाई चप्पल न घालता अंगणात पोचल्या होत्या, काखेत खोकं.

"भीमे! ए भीमे! थांब! सुती काय काय हाय ते दाव!"

भीमाबाईनं पाटी उतरवली. खोक्यातली एक गुलाबी डबी घेतली, पेरानं वाजवली, कडा पिळली. "हे कोरं जित्तं हाय अक्का. वापरा की."

"आमच्या घरात न्हाई जगत ते. तू सांग, किती डब्यांना एक साडी?"

त्यांची घासाघीस अर्धा तास चालली. चांदबी भाभी काड्याची पेटी घेऊन आल्या. मी मध्ये पडले नाही. ओसरीवर बसून राहिले. रेणू माझ्या मांडीवर होती, आणि आत्याबाईंनी बाजारासाठी काढून ठेवलेल्या पोपटी पिशवीचा कोपरा तिनं तोंडात घातला होता. दोन दातांनी ती तो चावत होती, चोखत होती, बाहेर काढून बघत होती आणि पुन्हा घालत होती.

मी चावू दिला.